सदतिसावा फोटो

सात वर्षांच्या धंद्यात मी एकच चांगला फोटो काढला, आणि तो खाला हूरियाने माझ्याच हातून कापायला लावला. तिच्याबद्दल सांगायला बसले की पहिल्यांदा हेच तोंडातून बाहेर पडतं. लोक म्हणतात, शिकवणारीबद्दल असं बोलू नये. त्यांना शिकवणाऱ्यांनी त्यांच्या हातात कात्री दिली नव्हती.

आमच्या सनाआ शहरात लग्नातल्या बायकांचे फोटो बायकाच काढतात. आतल्या दालनात नवरीचे केस मोकळे असतात, दंड उघडे असतात, मैत्रिणी घाम गळेपर्यंत नाचत असतात, आणि यातलं काहीही परक्या पुरुषाच्या नजरेला पडता कामा नये. दारात दोन धट्ट्याकट्ट्या बायका येणारीची पिशवी उलटी करून बघतात. रोल धुवायला आम्ही नेतो तो पडद्याआड लॅब चालवणाऱ्या दोघी बहिणींकडे. मग फोटो आणि निगेटिव्ह घेऊन नवरीच्या आईकडे जायचं, आणि निगेटिव्हची एकेक चौकट उजेडात धरून तिच्यासमोर मोजायची, एक ते छत्तीस. आई म्हणते, "अमानत पोचली." त्यानंतर फोटोवालीकडे त्या लग्नातलं काहीही उरत नाही.

ही मोजणी खाला हूरियाने सुरू केली. तिच्याआधी कॅमेरा दिसला की बायका तोंड झाकून पळायच्या. हिने छत्तीसच्या छत्तीस मोजून हातात ठेवायला सुरुवात केली तेव्हा कुठे एकेक दार उघडलं. आज आम्ही वीस-बावीस जणी हे काम करतो, आणि सगळ्यांची चूल तिच्या त्या मोजणीवर पेटते. मोजून झालं की ती आईला आणखी एक गोष्ट सांगायची: पोरीचं काही बरंवाईट झालं, अल्ला न करो, तर तीन दिवसांच्या आत हे सगळं जाळून टाका, मेलेल्या बाईला आपले केस झाकता येत नाहीत. आया मान डोलवायच्या. पुढे पुढे आम्ही सगळ्याच हे सांगू लागलो.

पण रोल लावायला हात बसला असला की एक गंमत होते. फिल्मच्या पट्टीचं तोंड अगदी कमी ओढून झाकण मिटलं, तर छत्तीसच्या रोलवर सदतिसावा फोटो येतो. फोटोवालीला हे ठाऊक असतं, आईला नसतं.

अफराहच्या लग्नात मला तो मिळाला. छत्तीस फोटो नेहमीसारखेच झाले होते. नवरी ताठ बसलेली, डोक्यावरच्या चांदीच्या साजाने मान आखडलेली, डोळे विस्फारलेले. तिची आई मुहसिना खाली स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी मधाच्या पोळ्या ताटांत भरत होती. आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही असं बघून अफराहने साज उतरवून मांडीवर घेतला, एका हाताने मान चोळली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. जांभई होती की हसू होतं, मला आजही सांगता येणार नाही. केसांत रैहानची, म्हणजे आपल्या सब्ज्याची, एक काडी अडकून राहिली होती. मी बटण दाबलं आणि रोल संपला.

लॅबमध्ये तो फोटो हातात आला तेव्हा मी पडद्याला पाठ करून उभी राहिले. हा मी काढलाय यावर माझाच विश्वास बसेना. मुहसिनाला मी छत्तीस मोजून दिले, ती म्हणाली अमानत पोचली, आणि सदतिसावा माझ्या सुरम्याच्या डबीखाली गेला, निगेटिव्हचा तुकडा आणि त्याची तळहाताएवढी प्रत. चोरी होती. मला तेव्हाही माहीत होतं.

त्यानंतर माझा हात मेला. दुसरा शब्द नाही त्याला. समोर बसलेली प्रत्येक नवरी मातीची वाटायची. एका आईने फोटो उलटेपालटे करून सरळ विचारलं की हे माझ्या मुलीचे आहेत की गेल्या आठवड्यातल्या कुणाच्या. मलाही फरक कळत नव्हता. लग्नाला निघायच्या आधी कॅमेरा मांडीवर घेऊन मी रडायची. मला दुसरं काही येत नाही, आणि जे येत होतं तेही संपलं, एवढंच डोक्यात असायचं. सहा महिने असे काढल्यावर मी खाला हूरियाचा जिना चढले.

ती एका वेळी एकीलाच शिकवायची. उंच घराच्या पाचव्या मजल्यावर राहायची, आणि गुडघ्यांपायी दोन वर्षं तिने जिना उतरलेला नव्हता. मला वाटलं होतं, निदान तिचे जुने फोटो बघायला मिळतील. भिंती कोऱ्या. मी इकडेतिकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "काय शोधतेस? तीस वर्षांचं काम मी मोजून देऊन टाकलंय."

तिची शिकवायची रीत अशी. कॅमेरा तिच्या पेटीत कुलपात. मी रिकाम्या हाताने लग्नात जाऊन बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर तिच्यासमोर येऊन, काढले असते ते फोटो तोंडाने सांगायचे. उजेड कुठून, कोण कुठे, हात कुठे, डोळे कुठे. ती पाट्यावर टोमॅटो-मिरची वाटत ऐकायची. वरवंटा थांबला नाही तर फोटो फुकट गेला. पहिले दोन महिने तो एकदाही थांबला नाही. मी सोनं सांगायची, मेंदी सांगायची, गर्दी सांगायची. ती म्हणायची, एवढं तर दारातली झडतीवालीही सांगेल, तुला कशाला बोलवायचं. एकदा मी चिडून म्हटलं की नवीन काही सुचतच नाही. ती म्हणाली, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी आड भर. बघत बस."

एकच गोष्ट ती खपवून घ्यायची नाही. एकदा मी नवरीच्या डोळ्यांत पाणी होतं असं सांगितलं. खरं म्हणजे नव्हतं, पण सांगायला बरं वाटलं. तिने वरवंटा बाजूला ठेवला आणि मला उठवून दारापर्यंत नेलं. म्हणाली, "जे नव्हतं ते घालायचं नाही. घातलंस तर तो फोटो नाही, थाप." आठवडाभर तिने मला घरात घेतलं नाही.

तिसऱ्या महिन्यात मी एका नवरीच्या आत्याबद्दल सांगितलं. आत्या नाचून थकली आणि भिंतीला टेकली. तिने एक पाय चपलेतून काढून थंड फरशीवर टेकवला, आणि टाचेची मेंदी घामाने फरशीवर उमटली. वरवंटा थांबला. "हा घेतला," खाला म्हणाली, आणि पुन्हा वाटायला लागली. मी जिना उतरताना भिंतीला हात लावत लावत उतरले, इतकी मी हलकी झाले होते. घरी जाऊन बहिणीला मिठी मारली, तिला काही कळेना.

तिथेच मला हाव सुटली. वरवंटा पुन्हा थांबावा म्हणून मी काय करावं? पुढच्या खेपेला मी अफराहचा फोटो सांगितला, कालच्याच लग्नात पाहिला म्हणून. मांडीवरचा साज, मानेवरचा हात, मिटलेले डोळे, उघडं तोंड, रैहानची काडी. वरवंटा थांबला. मग तिने मला तोच फोटो पुन्हा सांगायला लावला. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"डोळ्यांनी पाहिलेलं इतकं गप्प बसत नाही," ती म्हणाली. "सांगताना दर वेळी थोडं हलतं. हे तू कागदावर बघितलंयस. कितवा आहे?"

मी ओढणीचं टोक सारखं करू लागले.

"सदतिसावा?"

मी मान खाली घातली. तिने ओरडावं असं मला वाटत होतं. तिने फक्त सांगितलं की उद्या घेऊन ये. आणि मी नेला, हे माझं मलाच कोडं आहे. डबी उचलून मी पळून जाऊ शकले असते. पण तिने एकदा तो बघावा, नुसता बघावा, असं मला आतून फार वाटत होतं.

तिने बघितला. खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितला. मग शिवणकामाची कात्री माझ्यापुढे ठेवली. मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, खाला, हा एकच आहे माझ्याकडे, सात वर्षांत एकच, कोणाला दाखवणार नाही, तुमच्यापाशीच ठेवा, पेटीत ठेवा, कुलूप लावा. ती म्हणाली की एका आईला जरी कळलं की फोटोवाल्या एक ठेवून घेतात, तर गावातलं एकेक दार बंद होईल आणि बावीस घरांच्या चुली विझतील. तिचं म्हणणं खरं होतं. खऱ्या म्हणण्याचा इतका राग मला कधी आला नव्हता. मी आधी निगेटिव्ह कापलं, मग प्रत. अफराहचा चेहरा दोन तुकड्यांत झाला तेव्हा माझा हात थांबला, तर ती म्हणाली, बारीक कर. तुकडे तिने स्वतः गोळा करून धुपाच्या निखाऱ्यावर टाकले. जळक्या प्लास्टिकचा वास माझ्या कपड्यांना लागला. कॅमेरा तिने मला परत दिला, आणि मी पुन्हा तिच्याकडे जायचं नाही असं ठरवलं.

एकोणीस दिवसांनी मुहसिना माझ्या दारात आली.

मी तिला ओळखलं नाही. लग्नात भरलेली, मोठ्याने हसणारी बाई होती. आत येऊन ती टेकली, मी कॉफीच्या सालांचा काढा पुढे केला, तो तिने हातात धरून ठेवला. अफराह लग्न होऊन समुद्राकाठी हुदैदाला गेली होती. तिथल्या तापाने चार दिवसांत दगावली. आज चाळिसावा दिवस. म्हणजे मी कात्री चालवली तेव्हा ती जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि मला पत्ताच नव्हता.

"फोटो मी जाळले," मुहसिना म्हणाली. "तू सांगितलं होतंस तसे, तीन दिवसांच्या आत, सगळे. एकही ठेवला नाही. आता डोळे मिटले की तिचा तो शेवटचा तोंडवळा दिसतो, तापातला, ओठ फुटलेला. दुसरा येतच नाही गं. तुम्हा लोकांकडे कधी काही उरतं का? एखादा बिघडलेला, वाकडा? मला चालेल."

मी म्हटलं, नाही, काही उरत नाही, तुम्हीच मोजून घेतले होते. ती म्हणाली, हो, मीच मोजले होते. मग उठून काढा न पिताच निघून गेली. तिच्या पायांचा आवाज गल्लीत बंद व्हायच्या आत मी बुरखा ओढला आणि धावत सुटले.

खालाचा जिना मी कसा चढले आठवत नाही. दारातच मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, तुमचा नियम घ्या आणि त्याची भाकरी करून खा. म्हटलं, ती बाई वाकडा-बिघडलेला मागत होती आणि माझ्याकडे सरळ, धडधडीत होता. तुम्हाला काय कळणार, तुमच्या भिंती कोऱ्या आहेत कारण तुमचं मनच कोरं आहे. आणखीही बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. ती पाट्यासमोर बसून होती. तिने मला पूर्ण बोलू दिलं.

मग तिने सांगितलं. तिला एक मुलगी होती, अरवा. लग्न झालं तेव्हा आई कॅमेऱ्यामागेच होती, दुसरी कोण काढणार फोटो? छत्तीस काढले, आणि आईही तीच म्हणून मोजून सासूच्या हातात ठेवले. बाळंतपणात अरवा सासरीच, इब्ब गावी, वारली. सासूने तिसऱ्या दिवशी सगळे जाळले आणि वर निरोप पाठवला की खाला, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलंय, निश्चिंत राहा.

"आणि सदतिसावा?" मी विचारलं.

"लग्नाच्या आठवड्यातच मी कापला होता. मोजणी माझी, मग मी कसा ठेवू?" तिने ओल्या हाताने पाटा पुसला. "तुझा फोटो बघितला ना मी, तेव्हा वाटलं ठेवू दे पोरीला. पण तुझा राहिला असता, तर माझा मी उगाच कापला असं झालं असतं. ते मला सोसणार नव्हतं."

एवढं बोलून ती भिंतीचा आधार घेत उभी राहिली आणि आपला रंगीत बुरखा मागितला. दोन वर्षांनी ती जिना उतरायला निघाली. प्रत्येक पायरीला दोन्ही पाय टेकवत, माझ्या खांद्यावर भार टाकून. एकाहत्तर पायऱ्या. मी अजून तिच्यावर रागावलेलीच होते आणि तिला सांभाळतही होते.

मुहसिना घरी एकटीच होती. फोटो होता, तो कापला, हे मी सांगून टाकलं. तिने हात उगारला असता तरी मी हलले नसते. मुहसिना म्हणाली, होता? मग म्हणाली, काय होतं त्यात?

मी सांगायला लागले. खाला हूरियाने शिकवलं होतं तसं, उजेडापासून. डावीकडच्या खिडकीतून ऊन, लाल आणि निळ्या काचेचं. मांडीवर चांदीचा साज. उजवा हात मानेवर. केसांत रैहानची काडी, डाव्या कानाच्या वर. तोंड उघडं, जांभई येत असावी तसं, किंवा हसू. मुहसिनाचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मध्येच म्हणाली, हो, मान तिची दुखायचीच, लहानपणापासून. मग तिने विचारलं ते विचारलंच.

"आणि डोळे?"

डोळे मिटलेले होते. मी कितीदा पाहिला होता तो फोटो, पापण्यांवरचा सुरमासुद्धा मला पाठ होता. मी खालाकडे पाहिलं नाही.

"उघडे," मी म्हटलं. "दाराकडे बघत होती. तुम्ही आत येत होतात."

माझ्या शेजारी खाला हूरिया बसली होती. तीच ती, एका खोट्या आसवासाठी मला आठवडाभर घराबाहेर ठेवणारी. आता ती उठेल, आता थाप म्हणेल, म्हणून मी अंग चोरून बसले होते.

"मी?" मुहसिना म्हणाली. "मी तर खाली होते, पोळ्यांपाशी." तिच्या कपाळाला आठी पडली. "की आले होते मी वर?"

"आली होतीस," खाला म्हणाली. "मी बघितलाय तो फोटो. दारात तुझी सावली पडलीये. तिला पाणी घेऊन आली होतीस."

मुहसिनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली. बऱ्याच वेळाने तिने पुन्हा सांग म्हटलं. मी पुन्हा सांगितलं, आता पाण्यासकट. तिसऱ्यांदा सांगताना मी काडी विसरले, तर तिनेच आठवण केली.

मग मी खालाला धरून परत आणलं. तिच्या जिन्यावर तिसऱ्या मजल्यापर्यंत आम्ही कशाबशा पोचलो आणि तिचे गुडघे संपले. ती पायरीवर बसली, मी तिच्या खालच्या पायरीवर. भिंतीतल्या झरोक्यातून थोडा उजेड येत होता. तिचा श्वास लागला होता. मला वाटलं ती आता खोट्याबद्दल बोलेल, आणि मी काय उत्तर द्यायचं याची जुळवाजुळव करत होते.

"आता माझ्या अरवाचा सांग," ती म्हणाली.

मी म्हटलं, "खाला, मी तिला कधी पाहिलं नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी पाहिलंय, आणि मला आठवत नाही. सांग तू."

मी झरोक्याकडे पाहिलं. मग उजेडापासून सुरुवात केली.